दुखत नाही, हीच अडचण

बुटात खडा गेला की आपण चार पावलांत थांबतो आणि बूट काढून झटकतो. मधुमेह जुना झालेल्या माणसाच्या बुटात तोच खडा दिवसभर राहू शकतो. संध्याकाळी मोज्यावर ओलसर डाग दिसतो, तेव्हा कुठे पत्ता लागतो.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की मज्जातंतू झिजतात आणि पहिला फटका सगळ्यात लांब तंतूंना, म्हणजे पायाच्या बोटांकडे जाणाऱ्यांना बसतो. बधिरपणा मोजा चढवावा तसा बोटांकडून वर सरकतो. घाम आणणारे तंतूही मंदावतात, त्यामुळे टाचा कोरड्या पडून भेगाळतात. बोटं आखडली की चालताना भार ठरावीक जागीच पडतो आणि तिथे घट्टा धरतो. हा घट्टा मोठा लबाड! वरून टणक दिसतो, पण आत दाब वाढवत राहतो आणि कधीकधी त्याच्याखालीच जखम होते. त्याला घरी ब्लेड लावू नका, कुरूप घालवायच्या पट्ट्याही नकोत. त्यांतलं आम्ल चांगली कातडीही जाळतं.

पायाची जाणीव तपासायला घरातल्या कोणाचंही एक बोट पुरतं. डोळे मिटून पडा. त्यांनी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा. दाबायचं नाही. 6 पैकी 2 किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या.

वेदना सांगत नाही ते मग डोळ्यांनी पाहावं लागतं. रोज तळवा बघायचा, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरून. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. क्रीम टाचांना, बेचक्यांत नाही. पाण्याची ऊब कोपराने पाहायची, बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. घरातही अनवाणी नको.

एक लक्षण मात्र हमखास फसवतं. जखम नाही, फारसं दुखतही नाही, पण एक पाय सुजून लाल झालाय आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय. मुरगळला असेल म्हणून लोक चालत राहतात. आत हाडं ठिसूळ होऊन सांधे ढासळत असू शकतात आणि प्रत्येक पावलागणिक तळव्याची कमान खचते. अशा पायावर भार द्यायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.