अत्यावश्यक मत्स्य अधिवास

अत्यावश्यक मत्स्य अधिवास : माशांना अंडी घालण्यासाठी, प्रजननासाठी, खाण्यासाठी आणि पिल्लाचा पूर्ण मासा होईपर्यंत जे पाणी आणि जो तळ लागतो, त्याला अमेरिकेच्या मत्स्यकायद्यात असलेली संज्ञा. ‘मासा’ हा शब्द येथे फार व्यापक अर्थाने घ्यावयाचा असतो. कोळंबी, खेकडे, शेवंड, शिंपले, प्रवाळ, इतकेच नव्हे तर सागरी वनस्पतीही त्यात येतात. वगळले आहेत ते सागरी सस्तन प्राणी आणि पक्षी. हा अधिवास ठरविण्याचे काम प्रामुख्याने आठ प्रादेशिक मत्स्य व्यवस्थापन परिषदांकडे आहे : न्यू इंग्लंड, मध्य अटलांटिक, दक्षिण अटलांटिक, मेक्सिकोचे आखात, कॅरिबियन, पॅसिफिक, उत्तर पॅसिफिक आणि पश्चिम पॅसिफिक.

संज्ञेचा उगम : सर्वसाधारणपणे १९९६ हे वर्ष दिले जाते. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर अमेरिकेचा अधिकार सांगणारा मूळ कायदा १९७६ चा. पुढे तो वॉरेन मॅग्नुसन आणि टेड स्टीव्हन्स या दोन सिनेटरांच्या नावांनी ओळखला जाऊ लागला. परिषदा त्याच कायद्याने निर्माण झाल्या, परंतु त्यांचा भर ‘किती मासा धरायचा’ यावर होता. मासा कोठे वाढतो हा प्रश्न मागे राहिला. ऑक्टोबर १९९६ मध्ये मंजूर झालेल्या शाश्वत मत्स्यव्यवसाय अधिनियमाने ही संज्ञा कायद्यात आणली आणि प्रत्येक व्यवस्थापन आराखड्यात असा अधिवास वर्णन करून दाखविणे बंधनकारक केले.

मात्र १९९६ ही कायदेशीर शब्दाची जन्मतारीख आहे, कल्पनेची नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ सुमारे ७० ते १०० मीटर खोलीवर ऑक्युलिना या फांद्यांच्या प्रवाळाचे दाट पुंजके आहेत. १९८४ मध्येच त्यांपैकी सुमारे ९२ चौरस सागरी मैलांचा पट्टा ‘विशेष चिंतेचे अधिवास क्षेत्र’ म्हणून राखला गेला आणि तेथे तळाशी ओढायच्या जाळ्यांना बंदी झाली. खोल पाण्यातील प्रवाळासाठी केलेली ही अगदी आरंभीच्या बंदींपैकी एक. हे प्रवाळ वर्षाला जेमतेम दीड सेंटिमीटरच्या आसपास वाढते, म्हणजे माणसाच्या कमरेइतके झुडूप व्हायला कित्येक दशके लागतात. त्याच्या फांद्यांत ग्रुपर जातीचे मासे अंडी घालायला जमत. १९९४ मध्ये तेथे तळावरील माशांची मासेमारी बंद झाली आणि २००० मध्ये क्षेत्र ३०० चौरस सागरी मैलांपर्यंत वाढविले गेले. तरीही २००१ च्या सुमारास पाण्याखालील यंत्रांनी काढलेल्या चित्रांत पुष्कळ ठिकाणी उभ्या प्रवाळाऐवजी चुराच दिसला. दक्षिणेकडील जेफ्स रीफसारखे मोजके भाग शाबूत होते. कागदावरची रेषा आणि समुद्रातली राखण यांतील अंतर या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. खडककोळंबी धरणाऱ्या बोटींवर उपग्रहाद्वारे जागा कळविणारे यंत्र सक्तीचे झाले, ते त्यानंतर.

व्याख्येचा अर्थ : व्याख्या एका वाक्याची आहे, पण तिच्यातील प्रत्येक शब्दाचा नियमांत स्वतंत्र खुलासा केलेला आढळतो (अंतरिम नियम १९९७, अंतिम नियम जानेवारी २००२). ‘पाणी’ म्हणजे केवळ जागा नव्हे, तर तिचे भौतिक, रासायनिक आणि जैविक गुणही. योग्य तेथे मासे पूर्वी वापरत असलेली पाणीही त्यात धरता येतात. ‘तळ’ म्हणजे गाळ, खडक, पाण्याखालील रचना आणि त्यांवर वसलेले जीवसमूह. ‘आवश्यक’ म्हणजे शाश्वत मासेमारी आणि निरोगी परिसंस्था यांना लागणारे. पॅसिफिक सामनच्या बाबतीत हा अधिवास समुद्र सोडून थेट गोड्या पाण्याच्या नद्यांत शिरतो, कारण तो मासा अंडी घालतो नदीत.

उपलब्ध माहितीचे चार स्तर मानले जातात. मासा कोठे सापडतो एवढेच ठाऊक असणे हा पहिला. कोणत्या अधिवासात त्याची घनता किती, हा दुसरा. वाढ, प्रजनन व तगून राहण्याचे प्रमाण हा तिसरा. आणि अधिवासानुसार उत्पादन हा चौथा. बहुसंख्य जातींची माहिती पहिल्या-दुसऱ्या स्तरापलीकडे गेलेली नव्हती. परिणामी, जेथे मासा सापडला ते सर्व ‘अत्यावश्यक’ ठरले. सर्व जातींचे नकाशे एकावर एक ठेवले की जवळजवळ संपूर्ण अनन्य आर्थिक क्षेत्र (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र) रंगून निघते. सगळेच अत्यावश्यक म्हटले तर त्या शब्दाला अर्थ काय उरतो, हा टीकाकारांचा आक्षेप. माहिती अपुरी असताना जास्त राखणे बरे, हा समर्थकांचा युक्तिवाद.

विशेष चिंतेची क्षेत्रे : वरील आक्षेपाला व्यवहारात दिलेले उत्तर म्हणजे ऑक्युलिनापासून चालत आलेली हीच उपसंज्ञा. क्षेत्राचे परिसंस्थेतील महत्त्व, मानवी हस्तक्षेपाने बिघडण्याची शक्यता, विकासकामांचा ताण आणि दुर्मिळता हे तिचे चार निकष. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापुढील जॉर्जेस बँक या समुद्रतळावरील उथळ उंचवट्याच्या (‘बँक’) उत्तर कडेला हिमनद्यांनी टाकलेल्या गोट्या-खड्यांचा तळ आहे. कॉड माशाची पिल्ले तेथे तळाला चिकटून राहतात. त्यांच्या अंगावरचे ठिपके त्या खड्यांशी इतके मिळतेजुळते असतात की पिल्लू हलले तरच दिसते. खड्यांवरची वाढ जाळ्याने खरवडली गेली की पिल्लांचा आडोसा जातो. मध्य अटलांटिकमध्ये सोनेरी टाइलफिश हा मासा समुद्रदऱ्यांच्या काठच्या घट्ट चिकणमातीत बीळ कोरून राहतो आणि त्याच बिळाच्या आजूबाजूला खेकडे, शेवंड आपली छोटी बिळे करतात. ट्रॉल या तळाशी ओढायच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या जड फळ्या या मातीवरून घसटत जातात. म्हणून २००९ मध्ये ओशनोग्राफर, लिडोनिया, व्हीच आणि नॉरफोक या दऱ्यांतील ठरावीक भागांत तळाशी ओढायच्या साधनांना मनाई करण्यात आली.

कायद्याचे दोन हात : मासेमारीमुळे होणारी हानी ‘व्यवहार्य असेल तितकी’ कमी करणे परिषदांवर बंधनकारक आहे. हानी किरकोळ नाही आणि तात्पुरतीही नाही असे ठरले की उपाय योजावा लागतो. मासेमारीबाहेरच्या कामांचे मात्र वेगळे आहे. बंदर खोल करणे, धरण, पूल, भराव यांना परवानगी वा पैसा देणाऱ्या केंद्रीय खात्याने राष्ट्रीय सागरी मत्स्य सेवा या केंद्रीय मत्स्यसंस्थेशी सल्लामसलत करावयाची असते. सेवेच्या शिफारशींना ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते आणि त्या नाकारल्यास कारणे सांगावी लागतात. शिफारस बंधनकारक नसते. म्हणजे नियमाचा भार जाळ्यावर पडतो आणि भरावाला सल्ला मिळतो. मच्छीमारांची ही तक्रार सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

न्यायालय आणि नंतर : पहिल्या आराखड्यांत नकाशे होते, मासेमारीवर नवे निर्बंध फारसे नव्हते. अमेरिकन ओशन्स कॅम्पेन ही पर्यावरणवादी संघटना विरुद्ध वाणिज्यमंत्री डेली या खटल्यात २००० मध्ये न्यायालयाने मत्स्यकायद्याचा भंग मानला नाही, परंतु पर्यावरणीय मूल्यांकन अपुरे ठरविले. पाच परिषदांना ते नव्याने करावे लागले. उत्तर पॅसिफिकमध्ये मासेमारीचे परिणाम किरकोळ किंवा तात्पुरते असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी सावधगिरी म्हणून अलास्काच्या अल्यूशन बेटांभोवतीचे सुमारे २,७७,१०० चौरस सागरी मैल २००६ पासून तळट्रॉलिंगला बंद झाले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण यातील बहुतांश भागात ट्रॉल क्वचितच फिरला होता. मासेमारीचा ठसा आहे तेथेच गोठवावा, ही त्यामागची नीती. त्याउलट तेथील सहा ‘प्रवाळ उद्याने’ मिळून केवळ ११० चौरस सागरी मैलांची आहेत, पण त्यांत तळाला टेकणारे कोणतेही साधन चालत नाही. न्यू इंग्लंड परिषदेच्या आराखड्यांतील अधिवासविषयक सर्वसमावेशक दुरुस्ती २००४ च्या सुमारास सुरू होऊन २०१८ मध्ये अमलात आली. तीतही जॉर्जेस बँकेच्या पूर्व भागाचा प्रस्ताव केंद्राने नामंजूर केला. वाद होता तो कॉडची पिल्ले आणि स्कॅलप हे महाग शिंपले एकाच खडीवर वाढतात म्हणून.

मध्य अटलांटिकमधील लॉटेनबर्ग खोल-समुद्री प्रवाळ क्षेत्राची (२०१७) या संदर्भात अनेकदा गणना होते, ती काटेकोरपणे बरोबर नाही. त्याचा आधार खोल पाण्यातील प्रवाळासंबंधीची वेगळी, ऐच्छिक तरतूद हा आहे. आपल्याकडील पावसाळी मासेमारी बंदीशीही या कल्पनेची गल्लत करू नये. ती काळ राखते, ही जागा राखते.

कॅरिबियन परिषदेच्या पाण्यात दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. सेंट टॉमस बेटाच्या दक्षिणेला रेड हाइंड हा ग्रुपर दर हिवाळ्यात एकाच बँकेवर अंडी घालायला जमतो. ती जागा १९९० पासून हंगामापुरती आणि १९९९ पासून बारमाही बंद आहे. त्यानंतरच्या पाहणीत तेथे जमणाऱ्या माशांची सरासरी लांबी आणि थव्याची दाटी दोन्ही वाढल्याचे आढळले.