सशांचा माळ, गावाचा माळ : सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’ची पार्श्वभूमी

गोल्फ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतं ते कुंपण, फाटकावरचा पहारेकरी आणि सामान्य माणसाच्या खिशाला न परवडणारी वर्गणी. त्यामुळे जगभरचे गोल्फपटू ज्या मैदानाला या खेळाचं माहेरघर मानतात, ते कुठल्याही क्लबाच्या मालकीचं नाही, हे ऐकून बरेच जण चकित होतात. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, सेंट अँड्र्यूज नावाचं लहानसं गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या आतबाहेर. १४१३ सालचं विद्यापीठ, पडझड झालेलं कॅथेड्रल आणि समुद्राला लागून असलेला एक वाळूचा माळ. ‘ओल्ड कोर्स’ याच माळावर आहे आणि तो आजही सार्वजनिक आहे. तो तसा कसा राहिला, हे पाहायचं तर सुरुवात सशांपासून करावी लागते.

किनाऱ्याची पुळण संपते आणि शेतजमीन सुरू होते त्यामधल्या पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. खाली वाळू, वर खुरटं गवत, अंगावर येणारा खारा वारा. नांगर घालून उपयोग नाही. म्हणून गावाने या जमिनीचा वापर आपल्याकडच्या गायरानासारखा केला. मेंढरं चारायची, धुणं वाळत घालायचं, ससे धरायचे आणि वेळ मिळाला की काठीने चेंडू टोलवायचा. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढरं वाळूत अंग घासून खळगे करायची, त्यातूनच आजचे बंकर, म्हणजे मैदानातले वाळूचे खड्डे, आले असं मानलं जातं. खेळ इतका वाढला होता की १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्हींवर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून त्यातच रमले होते. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, यावरूनच ती किती पाळली गेली ते कळतं.

गावाच्या हक्काचा लेखी पुरावा म्हणजे १५५२ सालची सनद. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना या माळावर ससे पाळायचे होते. नगराने त्यांना ती मोकळीक दिली आणि त्या बदल्यात आर्चबिशपांनी मान्य केलं की गावकऱ्यांचा इथे गोल्फ, फुटबॉल आणि इतर खेळ खेळण्याचा, तसंच जनावरं चारण्याचा हक्क अबाधित राहील. या कागदाचं मला फार अप्रूप वाटतं. करार सशांचा आणि त्यात गोल्फची नोंद जाता जाता झालेली. पण पुढची साडेचारशे वर्षं गाव त्या नोंदीच्या बळावर भांडत राहिलं.

१४ मे १७५४ रोजी परिसरातल्या बावीस उमरावांनी आणि प्रतिष्ठितांनी मिळून गोल्फ खेळणाऱ्यांची एक संस्था काढली. १८३४ मध्ये राजा चौथ्या विल्यमच्या कृपेने तिला ‘रॉयल अँड एन्शंट’ हे नाव मिळालं. त्याआधी १७६४ साली या मंडळींनी एक किरकोळ वाटणारा बदल केला. तेव्हा समुद्राकडेने दूरच्या टोकापर्यंत खेळत जायचं आणि त्याच होलांवरून (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथवरची खेळाची वाट) परत यायचं, असे जाता-येता बावीस होल होत. सुरुवातीचे चार होल आखूड वाटले म्हणून त्यांचे दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले अठरा. जगभर गोल्फचा डाव अठरा होलांचा असतो, तो या हिशेबातून. पुढे जाणारे आणि येणारे एकमेकांच्या वाटेत येऊ लागले, तेव्हा हिरवळी, म्हणजे खळग्याभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे तुकडे, रुंद करून एकेका हिरवळीवर दोन होल ठेवले. अशा सात जोड-हिरवळी आजही आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकीवरच्या दोन होलांची बेरीज अठरा येते : दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, अशी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र माळ हातचा जाता जाता राहिला. नगरपालिका कर्जात बुडाली आणि १७९७ मध्ये तिने लिंक्सची जमीन गहाण-विक्रीच्या फेऱ्यात घातली. ती व्यापाऱ्यांच्या ताब्यात गेली आणि त्यांनी मांसासाठी व कातड्यासाठी सशांची शेती सुरू केली. सशांनी बिळं करून मैदान पोखरून टाकलं. गोल्फवाले कोर्टात गेले, गावकरी ससे मारायला धावले, माळावर हाणामाऱ्या झाल्या. १८०५ मध्ये कोर्टाने गावकऱ्यांना ससे मारण्याचा हक्क दिला, तरी तंटा मिटला नाही. अखेर १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्राथटायरम इस्टेटीचे मालक जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली. ते स्वतः गोल्फ खेळणारे. त्यांनी ससे हटवले. जमीन खासगीच राहिली, पण मैदान वाचलं.

यानंतरचा काळ कारागिरांचा. माळाला लागूनच अ‍ॅलन रॉबर्टसन यांचं घर होतं आणि तिथे चेंडू बनत. उकडलेली पिसं, टोपीभर, कातड्याच्या लहानशा पिशवीत लोखंडी आराने ठासून भरायची आणि तोंड शिवून टाकायचं. वाळताना कातडं आकसे, पिसं फुगत आणि चेंडू दगडासारखा टणक होई. कसबी माणसाचेही दिवसाला मोजकेच चेंडू होत, त्यामुळे ते महाग. १८४०च्या दशकात मलायातल्या झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, बनवलेला चेंडू आला आणि हे सगळं बदललं. सेंट अँड्र्यूजमध्ये याची एक गोष्ट सांगतात : तिथल्या पॅटरसन घराण्यात पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती गटापर्चाच्या तुकड्यांत बांधलेली होती आणि त्या तुकड्यांपासूनच पहिला चेंडू वळला गेला. गोष्ट खरी की रचलेली, यावर वाद आहे. स्वस्त चेंडूमुळे खेळ साध्या माणसाच्या आवाक्यात आला, यावर मात्र वाद नाही.

रॉबर्टसन या नव्या चेंडूवर इतके संतापले की त्यावरून त्यांचं आपल्या मदतनिसाशी बिनसलं. हा मदतनीस म्हणजे टॉम मॉरिस. तो १८५१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला गेला आणि १८६०च्या दशकाच्या मध्यात मैदानाचा राखणदार म्हणून गावी परतला. पहिली आणि अठरावी हिरवळ त्याने घडवली, झुडपं काढून वाटा रुंद केल्या, हिरवळींवर वाळू पसरून गवत पोसलं. १८७३ मध्ये ‘ओपन’ ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा इथे पहिल्यांदा भरली. बायकांनी काठी खांद्याच्या वर नेऊन फटका मारणं तेव्हा असभ्य समजत, म्हणून त्यांच्यासाठी १८६७ मध्ये फक्त पटिंगचं, म्हणजे हलक्या टोल्याने चेंडू खळग्यात घालण्याचं, एक चढउतारांचं मैदान निघालं. तेही मॉरिसनेच आखलं. गाव त्याला ‘हिमालय’ म्हणतं. ज्या क्लबाची इमारत पहिल्या होलाच्या तोंडाशीच उभी आहे, त्या रॉयल अँड एन्शंटने स्त्रियांना सभासदत्व द्यायला २०१४ साल उजाडलं.

जमिनीची मालकी गावाकडे परत आली ती १८९४ मध्ये, संसदेच्या कायद्याने. क्लबालाही ती हवी होती. तडजोड अशी झाली की मालकी नगरपालिकेची राहील आणि क्लब स्वखर्चाने शेजारी आणखी एक मैदान बांधून देईल. ते ‘न्यू कोर्स’ १८९५ मध्ये तयार झालं. बाहेरच्यांना १९१३ पासून पैसे पडू लागले, पण घरपट्टी भरणारा गावकरी १९४६ पर्यंत फुकट खेळत होता. पुढे स्कॉटलंडच्या स्थानिक कारभाराची फेरमांडणी होऊन नगरपालिका बरखास्त होणार असं दिसलं, तेव्हा १९७४ मध्ये पुन्हा संसदेत जाऊन लिंक्ससाठी स्वतंत्र ट्रस्ट करून घेतला गेला. आज सेंट अँड्र्यूजची सातही सार्वजनिक मैदानं तोच पाहतो.

बाहेरून येणाऱ्याला ओल्ड कोर्सवर खेळायचं असेल तर दोन दिवस आधी निघणाऱ्या सोडतीत नाव घालता येतं. पहिल्या आणि अठराव्या होलाच्या वाटेला आडवा छेदून ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ नावाचा रस्ता समुद्राकडे जातो. तो सार्वजनिक आहे. बाबागाडी ढकलणारी आई, कुत्र्याला फिरवणारे आजोबा तिथून पार होईपर्यंत खेळाडूने काठी खाली धरून थांबायचं. रविवारी, मोठ्या स्पर्धांचे मोजके दिवस सोडले, तर ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. त्या दिवशी गावकरी अठराव्या हिरवळीवरून, स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावरून फिरायला निघतात. मुलं गवतात पळत असतात आणि झेंडे काढून ठेवलेले असतात.