ठाकूरचे बूट आणि बंदुकीचे चित्रपट : पार्श्वभूमी

आवडत्या बंदुकीच्या चित्रपटांची यादी कुणी काढली की बेळगावात वाद फिरून ‘शोले’पाशी येतो. २०२५ मध्ये तो नव्याने पेटला. चित्रपटाला पन्नास वर्षं झाली आणि १९७५ साली कापलेला त्याचा मूळ शेवट मोठ्या पडद्यावर आला, जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात आणि डिसेंबरात इथल्या थिएटरांत. मधल्या नोव्हेंबरात वीरू झालेले धर्मेंद्र गेले. गब्बरला पोलिसांच्या ताब्यात जाताना अर्धशतक पाहिलेली माणसं आता दोन्ही बाजूंनी बोलतात. कुणाला हाच शेवट खरा वाटतो, कुणाला जुनाच बरा होता असं वाटतं. भांडण नेमकं कशाचं, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

पडद्यावरची बंदूक जवळजवळ सिनेमाइतकीच जुनी. १९०३ च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या जेमतेम बारा मिनिटांच्या अमेरिकी मूकपटात एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. कथेशी त्या दृश्याचा काही संबंध नव्हता. ते आधी दाखवायचं की शेवटी, हे खेळ करणाऱ्यावर सोडलेलं होतं. १९५० च्या ‘विंचेस्टर ७३’मध्ये गोष्टच एका रायफलीची आहे. ४ जुलै १८७६ ला डॉज सिटीत नेमबाजीची स्पर्धा होते, बक्षिसाची रायफल चोरीला जाते आणि या हातातून त्या हातात फिरत राहते. त्यातले अवघड नेम साधायला एक खरा नेमबाज बोलावला होता. पुढे १९६४ पासून इटालियन दिग्दर्शकांनी स्पेनच्या उजाड माळावर वेस्टर्नपट काढले. त्यांनी चाप ओढण्याआधीचा वेळ ताणत नेला, डोळे, बोटं, पुन्हा डोळे. गावात छावणी असल्यामुळे कॅम्पात इंग्रजी चित्रपट लागत, आणि संवाद कळले नाहीत तरी हे चित्रपट कळत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलं, लष्कराचं कमांडो प्रशिक्षणही इथलं. घराघरांत एखादा तरी फौजी. अशा गावात सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून दहा बार काढणारा नायक लगेच पकडला जातो.

या मातीतला नेमबाज पडद्यावर आला तो कन्नडमध्ये. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या किल्ल्यापाशी धारवाडचा इंग्रज कलेक्टर मारला गेला. ती गोळी राणी चन्नम्मांच्या फौजेतल्या अमटूर बाळप्पाची, असं परंपरा सांगते. राणीवरचा कन्नड चित्रपट १९६१ मध्ये आला. तिच्याच फौजेतल्या संगोळी रायण्णावरचा गाजलेला चित्रपट २०१२ मधला. रायण्णाला फाशी झाली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडजवळ, म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुलखात. तरी मराठी सिनेमाने तिकडं पाहिलं नाही. मराठी पडदा शिवकालात रमला, आणि तिथं मान तलवारीला आणि दांडपट्ट्याला. ठासणीची बंदूक दिसलीच तर मावळ्यांच्या गर्दीत मागं कुठंतरी. त्यामुळे सीमाभागातल्या मराठी प्रेक्षकाची बंदुकीची हौस हिंदीने भागवली. चंबळचे डाकू आधीपासून होते, १९७१ चा ‘मेरा गाँव मेरा देश’ होता, पण सगळं बदललं ते १५ ऑगस्ट १९७५ ला, ‘शोले’ लागला तेव्हा.

‘शोले’तलं रामगढ आपल्याच कर्नाटकातलं आहे, हे इथल्या अनेकांना उशिरा कळतं. बेंगळुरूपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या रामनगरच्या खडकांत ऑक्टोबर १९७३ पासून चित्रीकरण झालं. रेल्वेतली मारामारी मात्र पनवेलच्या बाजूची. चंबळच्या घळी सोडून दिग्दर्शक इकडं आला आणि त्याचा फायदा थेट बंदुकीला झाला. ग्रॅनाइटच्या त्या प्रचंड गोट्यांमुळे कोण वर, कोण खाली, कुणाला आडोसा आणि कोण उघड्यावर, हे एका नजरेत कळतं. नेमबाजीच्या दृश्याला याहून जास्त काही लागत नाही. हिशेबही चोख आहे. परत आलेल्या तीन माणसांसमोर गब्बर सहा गोळ्यांतल्या तीन हवेत उडवतो, रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरवतो, तिघांवर एकेकदा चाप ओढतो आणि तिन्ही वेळा रिकामं घर लागतं. मग उरलेल्या तीन गोळ्या तिघांना. तीन आणि तीन सहा. जयचा शेवटचा नेमही तसाच हिशेबाचा आहे. पुलावर एकच गोळी उरलेली असताना तो माणसावर मारत नाही, सुरुंगावर मारतो. हिंदी सिनेमातली नेमबाजी यापुढे फारशी गेलेली नाही, असं माझं मत आहे.

आता मूळ शेवट कापण्याचा तो निर्णय. ठाकूरचे हात गब्बरने तोडलेले आहेत, म्हणून त्याला बंदूक धरता येत नाही आणि म्हणून तो बंदूक धरणारी दोन माणसं, जय आणि वीरू, विकत आणतो. अख्खी कथा या एका गोष्टीवर उभी आहे. मूळ शेवटात जय मेल्यानंतर वीरू गब्बरला ठाकूरच्या ताब्यात देतो आणि ठाकूर तळाला खिळे ठोकलेल्या बुटांनी त्याला तुडवून मारतो. मग रडतो. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली होती आणि चित्रपट प्रमाणपत्रासाठी गेला तो त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात. प्रमाणपत्र देणाऱ्या सेन्सॉर मंडळाने आक्षेप घेतला की माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेताना दाखवता येणार नाही. या प्रकरणात तो कायदा पायात घेत होता, पण तो विनोद ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

प्रदर्शनाची तारीख ठरलेली होती आणि त्या काळाच्या मानाने प्रचंड पैसा अडकला होता. निर्मात्याच्या घरात यावर बरीच ओढाताण झाली. दिग्दर्शकाने आपलं नाव काढून घेण्यापर्यंत मजल नेली होती. शेवटी माघार घेतली गेली. ठाकूर झालेले अभिनेते तेव्हा एका महोत्सवासाठी सोव्हिएत संघात होते. त्यांना बोलावून रामनगरला नवा शेवट चित्रित झाला. त्यात ठाकूरचा पाय गब्बरवर पडणार इतक्यात पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला घेऊन जातात. आणखीही काही कापलं गेलं. इमामसाहेबांच्या मुलाची हत्या जवळपास सूचनेवर आणून ठेवली. ती भूमिका करणारा पोरगा मराठी, त्यामुळे आपल्याकडं त्या प्रसंगाची हळहळ जरा जास्तच.

निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की हिंसा फार होती आणि बायका-मुलं सिनेमाला येतात. पण मंडळाने बंदुका कापल्या नाहीत. गब्बरच्या सहा गोळ्या राहिल्या, ठाकूरच्या घरातल्यांवर झाडलेल्या गोळ्या राहिल्या, पुलावरचा सगळा गोळीबार राहिला. गेले ते बूट. डाकूने मारलेलं चालतं, भाडोत्री गुंडांनी मारलेलंही चालतं, पण ज्याने एकदा सरकारी वर्दी घातली त्याने मारायचं नाही, एवढीच अट होती. आणि ती अट कोणत्या दिवसांत घातली गेली? वर्दीतल्यांनी लोकांना विनाचौकशी आत टाकायला सुरुवात केली होती, नेमक्या त्याच दिवसांत. पडद्यावर कायद्याचं राज्य शाबूत ठेवण्याची घाई त्यातून आली असावी, असं मानायला जागा आहे. कथेचं म्हणाल तर नव्या शेवटाने ती मोडली. गब्बरला पोलिसांतच द्यायचं होतं, तर जय मेला कशासाठी? हा प्रश्न विचारणारी बेळगावातली काही मंडळी पुढे परदेशातून आलेल्या व्हिडिओ कॅसेटवर मूळ शेवट बघून शांत झाली. बाकीच्यांना तो इंटरनेटवर सापडला.

वर्दीवाल्याने मारायचं नाही हा दंडक किती टिकला, ते पुढच्या चाळीस वर्षांत दिसलं. मुंबईतल्या टोळीयुद्धाने गावठी कट्टा आणि पिस्तूल खडकांतून चाळीत आणलं. १९९८ च्या ‘सत्या’त गोळी जवळून आणि अचानक लागते, नेमाला वावच नाही. २००४ च्या ‘अब तक छप्पन’मध्ये नायक सेवेतला पोलीस अधिकारी आणि चित्रपटाच्या नावातच त्याच्या चकमकींचा आकडा. २०१४ चा मराठी ‘रेगे’ही याच वाटेवरचा, जरा जास्त अस्वस्थ करणारा. निवृत्त अधिकाऱ्याला बुटाने मारू न देणाऱ्या व्यवस्थेने सेवेतल्या अधिकाऱ्याला पिस्तुलाने मारताना पाहून प्रमाणपत्र दिलं. मधे कायदा फारसा बदलला नव्हता.

दुसरीकडं परदेशी चित्रपटांनी दुरून मारणारा, एकटा नेमबाज घरोघर पोचवला. १९७३ च्या ‘द डे ऑफ द जॅकल’मधला भाडोत्री मारेकरी झाडाला कलिंगड टांगतो, गोळी झाडतो, दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवतो, पुन्हा झाडतो. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष त्याच्या हातून मेले नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं, तरी छाती धडधडते. २००१ च्या ‘एनिमी ॲट द गेट्स’ने स्टालिनग्राडच्या ढिगाऱ्यातला सोव्हिएत नेमबाज वासिली झाइत्सेव जगभर नेला. त्याच्या नावावर त्या लढाईतले २२५ बळी नोंदलेले आहेत. चित्रपटाचा कणा असलेलं जर्मन मेजरबरोबरचं द्वंद्व मात्र इतिहासकार संशयाने बघतात, कारण तो मेजर जर्मन कागदपत्रांत सापडत नाही. इथल्या निवृत्त सुभेदारांना विचारा, त्यांना मेजरचं काही पडलेलं नसतं. वारा कुठून आहे आणि उन्हात भिंग चमकतंय का, हे चित्रपटाने दाखवलं यावर ते खूश असतात.

खऱ्या नेमबाजांची कमतरता आपल्या शेजारीही नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली ती कोल्हापूरची. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्य घेणारा स्वप्नील कुसाळे त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. पण या खेळात पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. खेळाडू श्वास रोखून पुतळ्यासारखा असतो, आणि कॅमेऱ्याला यात करायला काहीच नाही. २०१९ च्या ‘सांड की आँख’ने बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावच्या दोन आज्यांची गोष्ट सांगताना म्हणून सगळा जीव पदरात, चुलीत आणि घरच्या पुरुषांच्या धाकात ओतला. साठी ओलांडलेल्या बायकांच्या भूमिका तरुण नट्यांना का दिल्या, यावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती.

आपल्या राज्यातला आणखी एक निर्णय इथं नोंदवायला हवा. परभाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब करू द्यायचे नाहीत, हा चित्रपट व्यवसायाने घातलेला अनौपचारिक निर्बंध साठच्या दशकापासून चालला. हॉलिवूडची बंदूक इथं इंग्रजीत किंवा हिंदीत वाजायची, कन्नडमध्ये नाही. २०१५ मध्ये केंद्रातल्या एका आयोगाने ही अडवणूक बेकायदा ठरवली, आणि २०१७ मध्ये डब होऊन आला तो तमिळ पोलीसपटच. त्यानंतर वारा उलटा फिरला. १४ एप्रिल २०२२ ला ‘केजीएफ’चा दुसरा भाग कन्नडसकट पाच भाषांत लागला. बेळगावातला मराठी मुलगा तो हिंदीत बघून आला आणि अवजड मशीनगनच्या तापलेल्या नळीवर सिगारेट पेटवणाऱ्या नायकाच्या गप्पा गल्लीत मराठीत मारू लागला. त्यात नेम कुठंच नाही, नुसता वर्षाव आहे.

‘शोले’च्या मूळ शेवटाचा आनंद मानणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की कापाकापीविरुद्ध दाद मागण्याची सोय तेव्हापासून दोनदा बदलली आहे. १९७५ साली निर्मात्याला केंद्र सरकारकडंच अपील करावं लागे. पुढे त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आलं, ते २०२१ मध्ये बरखास्त झालं. आता मंडळाचा कट मान्य नसेल तर निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि प्रदर्शनाची तारीख तोंडावर असताना तिथं जायला वेळ कुणाकडंच नसतो.