पटाच्या मैदानातून लाइव्ह: गावाबाहेर जाणाऱ्या आवाजाची पार्श्वभूमी

दिवाळी उरकली की पूर्व विदर्भात मंडया म्हणजे गावजत्रा भरतात, धान घरात आलं की शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या, तारखा ठरतात, आणि हल्ली पटाच्या पत्रकावर बक्षिसांच्या यादीखाली एक ओळ हमखास असते: थेट प्रक्षेपण अमुक चॅनेलवर. हे लाइव्ह लावणारा बहुतेक वेळा गावातलाच विशीतला पोरगा असतो. मोबाइल त्याच्या हातात खेळतो, रील तो रोज बनवतो. पण मैदानात उभा राहिला की चित्र अडकतं, आवाज तुटतो, दुपारी बाराला लाइव्ह बंद पडतं, आणि इकडे पुण्याहून फोन यायला लागतात, "भाऊ, लाइव्ह दिसून नाही राह्यलं." पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. त्याच्यासाठीच हे लिहितो आहे. त्याच्या बऱ्याच अडचणी त्याच्या जन्माच्या आधीच ठरून गेल्या होत्या. बाहेरचा आवाज गावात आणायची सोय गेली पंच्याहत्तर वर्षं होत आली, गावाचा आवाज बाहेर न्यायची सोय मात्र कुणी मनावर घेतली नव्हती.

सुरुवात आकाशवाणीपासून करावी लागते. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, लोकगीतं यांतून वऱ्हाडी आणि झाडी बोली त्या केंद्रावरून ऐकू आली, ही मोठीच गोष्ट होती. पण गावातल्या गायकाला आपला आवाज रेडिओवर न्यायचा तर स्वर-चाचणी द्यायची, नागपूरला जायचं, स्टुडिओत बसायचं. गाव ऐकणारं होतं.

दूरचित्रवाणी आली तीही याच वळणावर. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात इस्रोने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक टीव्ही संच आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या छत्र्या बसवल्या. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या गोंदियापलीकडचा रायपूरकडचा भाग होता. आपल्या देशातल्या प्रसारणाच्या इतिहासात मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. शहराच्या आधी खेड्याला टीव्ही, हा विचारच धाडसी होता. तरीही छत्रीचं तोंड आकाशाकडे होतं ते घेण्यासाठी, पाठवण्यासाठी नव्हे.

याहून बोलकं उदाहरण खुद्द नागपूरचं आहे. १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिचा १,००० किलोवॉटचा मध्यम लहरींचा ट्रान्समीटर नागपूरला बसवला, कारण देशाच्या मधोमध असलेल्या जागेवरून रात्री १५६६ किलोहर्ट्झवर देशाचा मोठा भाग गाठता येत होता. ट्रान्समीटर विदर्भाच्या मातीत उभा होता, आणि त्यातून जाणारे कार्यक्रम दिल्लीत तयार होत होते.

याच दशकात गावात दुसरंही काही घडत होतं, आणि त्याची नोंद कुठल्या सरकारी कागदात सापडायची नाही. भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणून चौकात ‘व्हिडिओ’ लावायची पद्धत आली. गणपतीत, शारदेत, लग्नाच्या आदल्या रात्री तीन-तीन पिक्चर व्हायचे. त्या मागोमाग लग्नाची शूटिंग आली. तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओवाल्याने खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा घेतला, मग हॅन्डिकॅम, मग मिक्सिंगचा संगणक. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा याच मंडळींनी तालुक्याच्या गावातली गणपती विसर्जनाची मिरवणूक स्थानिक केबलवर दाखवायला सुरुवात केली. विदर्भातलं लाइव्ह इंटरनेटपासून सुरू झालं, असं मानणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही. कॅमेरा कुठे लावला तर ऊन भिंगात जात नाही, मंडप-लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या बिछायतवाल्याच्या भोंग्यापासून माइक किती लांब ठेवायचा, विजेचा भरवसा नसेल तर जनरेटरवाल्याला आधी कसं सांगून ठेवायचं, हे सगळं शहाणपण शूटिंगवाल्यांनी कमावलेलं आहे. नवख्या पोराने आधी त्यांच्यापाशी जाऊन बसावं.

आता जगात काय चाललं होतं ते थोडक्यात. २४ जून १९९३ ला कॅलिफोर्नियात संगणक क्षेत्रातल्याच मंडळींच्या ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ या हौशी बँडने आपली मैफल संशोधकांच्या ‘एमबोन’ या जाळ्यावरून थेट दाखवली. १९९५ मध्ये इंटरनेटवरून आवाज ऐकवणारं रिअलऑडिओ आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेसबॉलच्या एका सामन्याचं धावतं समालोचन इंटरनेटवरून ऐकवलं गेलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं. पुढे वेबपानावर व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा जमाना आला. फ्लॅशसाठी मॅक्रोमीडियाने आरटीएमपी ही पाठवणीची पद्धत तयार केली. २००३ मध्ये एच.२६४ हे व्हिडिओ दाबून लहान करायचं मानक आलं. २००७ मध्ये जस्टिन डॉट टीव्ही आणि यूस्ट्रीम ही थेट प्रक्षेपणाची संकेतस्थळं सुरू झाली, आणि कुणीही लाइव्ह करू शकतो ही कल्पना रुजली. २०१० मध्ये यूट्यूबवर आयपीएलचे सामने थेट दिसले. २०१२ मध्ये ओबीएस हे लाइव्ह पाठवायचं फुकट सॉफ्टवेअर आलं. आज लॅपटॉपवरून लाइव्ह करणारे बरेच जण तेच वापरतात. फ्लॅश २०२० अखेरीस कायमचं बंद झालं, पण ओबीएसमध्ये ‘स्ट्रीम की’ टाकून आपण जे पाठवतो ते अजूनही बहुधा आरटीएमपीनेच जातं. ती की म्हणजे आपल्या चॅनेलची किल्लीच. ग्रुपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ती दिसू देऊ नये.

या सगळ्या काळात इंटरनेटची जोडणी मात्र एका बाजूला झुकलेलीच राहिली. टेलिफोन लाइनवरचा नव्वदच्या दशकाअखेरचा मोडेम जास्तीत जास्त ५६ केबीपीएसने (सेकंदाला ५६ किलोबिट) घ्यायचा आणि ३३.६ ने पाठवायचा. लँडलाइनवरून ब्रॉडबँड आलं त्यातही डाउनलोडला मोठा वाटा आणि अपलोडला उरलंसुरलं. लोक फक्त बघणार, दाखवणारे दुसरेच, या हिशेबानेच सगळी रचना झाली होती. मोबाइलवरही तेच आलं. ४जी आणि ५जीच्या काही पट्ट्यांवर घेणं आणि पाठवणं आळीपाळीने एकाच वाटेने होतं, आणि वेळेचा मोठा हिस्सा घेण्यासाठी राखलेला असतो. त्यात टॉवरची ताकद कित्येक वॉटची, तर मोबाइलची साधारण ०.२ वॉट. टॉवरचं बोलणं मोबाइलला सहज ऐकू येतं, म्हणून रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात. मोबाइलचं बोलणं टॉवरपर्यंत पोहोचतंच असं नाही. नागपूरच्या त्या १,००० किलोवॉटशी तुलना केली तर पोराच्या हातातलं यंत्र ५० लाख पटीने दुबळं आहे. त्याच्या जोरावर तो पट दाखवतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

विदर्भात मोबाइलवरून लाइव्हचं वळण नेमकं कधी आलं, हे पाहायला दोन तारखा शेजारी ठेवाव्या लागतात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटाची मैदानं ओस पडली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटाचे भाव कोसळले. फेसबुकने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सगळ्यांसाठी लाइव्ह खुलं केलं होतं. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. म्हणजे पट थांबला तेव्हा गावात साधे फोन होते, आणि परत सुरू झाला तेव्हा कुंपणाला टेकलेल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आणि इंटरनेट होतं. बाकीच्या कार्यक्रमांत लाइव्ह हळूहळू शिरलं, पटात ते एकदम आलं. सात वर्षं साठलेली ओढ त्यामागे होती, आणि बैलजोडीच्या मालकाला आपली जोडी परगावच्या सोयऱ्यांना दाखवायची हौसही.

मधल्या काळात टाळेबंदी येऊन गेली. मार्च २०२० नंतर सप्ताह, प्रवचनं, खंजिरी भजनं, वर्गसुद्धा मोबाइलवर आले. लाइव्हची भीती गावागावांतून गेली ती तेव्हा. एक अडचण मात्र तेव्हापासून तशीच आहे. काही मोबाइल आणि मीटिंगची अॅप बोलण्याचा आवाज स्वच्छ यावा म्हणून बाकीचा गोंगाट आपोआप दाबतात. खंजिरीचा छणत्कार त्यांना गोंगाटच वाटतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं भजन खंजिरीशिवाय ऐकवणं म्हणजे भजनाचा जीवच काढून घेणं. अशा वेळी ती सोय बंद करावी, किंवा बिछायतवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घ्यावी. त्यासाठी मोबाइलला चालणारी चार भागांची पिन लागते, साधी तीन भागांची पिन माइक म्हणून चालत नाही. पटातही हेच करावं. निवेदकाचा आवाज भोंग्यावरून हवेतून घेतला तर वाऱ्यात विरतो, मिक्सरमधून घेतला तर जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं नाव आणि जोडीने घेतलेली वेळ स्पष्ट कळते.

वेळेवरून आठवलं. पटाचा निकाल सेकंदाच्या अंशावर ठरतो, आणि लाइव्ह मात्र दहा ते तीस सेकंद मागे असतं. मैदानातून कुणी फोन केला तर निकाल आधी कळतो आणि जोडी नंतर पळताना दिसते. हा बिघाड नव्हे. २००९ मध्ये ॲपलने आणलेल्या एचएलएस पद्धतीपासून थेट व्हिडिओ काही सेकंदांचे छोटे तुकडे करून पाठवायची रीत पडली. बघणाऱ्याचा मोबाइल दोन-तीन तुकडे आधी जमवतो आणि मगच दाखवतो. त्यामुळे हजारो लोक एकदम बघू शकतात, किंमत म्हणून उशीर सोसावा लागतो. यूट्यूबवर उशीर कमी करायची सेटिंग आहे, पण कमी उशीर म्हणजे कमी साठा. रेंज डळमळली की चित्र लगेच अडकतं. गावातल्या रेंजवर मी नेहमीची सेटिंगच ठेवा म्हणेन.

डेटाचा हिशेब नवख्याने कागदावर मांडावा. ७२०पी, म्हणजे मध्यम स्पष्टतेच्या, चित्रासाठी सेकंदाला ३ मेगाबिट धरले तर तासाला सुमारे १.३५ जीबी जातात. रोजचा दीड जीबीचा पॅक सव्वा तासाच्या आत संपतो, आणि पट तर आठ-आठ तास चालतो. सकाळी मैदान रिकामं असताना केलेली स्पीड टेस्टही फसवी असते. दुपारी पाच हजार माणसं त्याच टॉवरवर असतात आणि त्यातली निम्मी स्वतः व्हिडिओ टाकत असतात. चाचणीत जेवढा अपलोड दिसेल त्याच्या निम्म्यावरच बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, ठेवावा. ४८०पी सलग चाललेलं बरं, १०८०पी दर पाच मिनिटांनी तुटलेलं नको. हिवाळ्यात पट असतो तोवर ठीक, पण चैत्रातल्या जत्रेत उन्हात ठेवलेला फोन तापतो, स्वतःहून मंद होतो, कधी बंदच पडतो. ट्रॉलीवर स्टॅण्ड लावताना फोनवर सावली हवी, आणि चार्जिंग चालू ठेवायचं असेल तर तिची गरज आणखीच.

डीजेचं गाणं ही वेगळी भानगड. यूट्यूब २००७ पासून मालकीची गाणी-चित्रं आपोआप ओळखणारी कंटेंट आयडी ही यंत्रणा वापरतं, आणि लाइव्हमध्येही मालकीचं गाणं वाजलं तर प्रक्षेपण थांबवलं जाऊ शकतं. दोन फेऱ्यांच्या मधे डीजे वाजणार असेल तर तेवढा वेळ आवाज बंद ठेवावा. याच अंगाने झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचाही प्रश्न येतो. वडशातल्या (देसाईगंज) नाटक कंपन्या दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर प्रयोग करतात, आणि ते तिकिटावर चालतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची देशाने दखल घेतली. तिच्या कलावंतांचं पोट त्या तिकिटावर आहे. कंपनीला न विचारता प्रयोग लाइव्ह करणं मला अजिबात मान्य नाही. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं, गावातली फुकट होणारी भजनं दाखवायला कुणाची हरकत नसते, तरी विचारावं.

नव्याने चॅनेल काढणाऱ्याने दोन नियम आधीच पाहून ठेवावेत. यूट्यूबवर मोबाइलमधून लाइव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा सोय सुरू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. पटाच्या सकाळी चॅनेल काढून चालत नाही. जुलै २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने लाइव्ह करता येत नाही, मोठं माणूस सोबत कॅमेऱ्यात दिसावं लागतं.

अपलोडची कोंडी फुटायची ती तारेनेच. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट नाव मिळालं. मेळघाटातल्या हरिसालला डिजिटल गाव करायचं काम २०१६ च्या सुमारास झालं, त्यात दवाखान्याचा डॉक्टरशी व्हिडिओवर संपर्क हा भाग होता. दुर्गम गावातून चित्र बाहेर पाठवण्याचा उपयोग करमणुकीपलीकडे किती आहे, हे तिथे दिसलं. फायबरवर पाठवण्याचा वेग घेण्याच्या वेगाइतका देता येतो. ज्या गावात ग्रामपंचायतीत किंवा शाळेत फायबर चालू आहे आणि मैदान जवळ आहे, तिथे सरपंचाशी बोलून तिथूनच केबल ओढावी आणि सिमकार्ड फक्त अडीअडचणीला ठेवावं. साध्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे, त्याहून लांब असेल तर मधे स्विच लागतो.

आणि एक जपणुकीचं. शूटिंगवाल्यांच्या कपाटातल्या व्हीएचएस कॅसेटींना बुरशी लागली, त्यांतल्या दंडारी आणि पट गेले ते गेलेच. यूट्यूब लाइव्ह आपोआप साठवतं, पण बारा तासांच्या आत संपलेलं असेल तरच. सप्ताहाचा अखंड कार्यक्रम किंवा दिवसभराचा पट आणि रात्रीची दंडार एकाच लाइव्हमध्ये लावू नये. सकाळचं, दुपारचं, रात्रीचं वेगळं करावं, प्रत्येकाला गावाचं नाव, तालुका आणि तारीख द्यावी, आणि मूळ फाइल घरच्या हार्ड डिस्कवरही ठेवावी.