विस्कटायची ती अक्षरे, वर्ण नव्हे

इंग्रजी जम्बल सगळ्यांना येतो. लेटर्स विस्कटा, लेटर्स जुळवा. सुटा तुकडा कोणता यावर तिथे वाद नाही. मराठीत हा तुकडा ठरवायच्या आधीच कोडी रचली जातात आणि मग सोडवणारा बसतो डोके खाजवत.

'पुस्तक' घ्या. अक्षरे ३: पु, स्त, क. वर्ण ७: प्, उ, स्, त्, अ, क्, अ. विस्कटायची ती अक्षरे. मात्रा, अनुस्वार, रफार आपल्या अक्षराला चिकटूनच हलले पाहिजेत, जोडाक्षर फुटता कामा नये. 'रजनी' फिरवली की 'नीरज' मिळतो, 'मगर'चे 'गरम' होते; हे चोख. 'मान' आणि 'नाम' मात्र एकाच कोड्याची उत्तरे नव्हेत. एकात मा आणि न, दुसऱ्यात ना आणि म. काना उपटून शेजाऱ्याला लावला की तो वर्णांचा खेळ झाला. खुशाल खेळा, पण कोड्याच्या डोक्यावर तसे लिहा.

संगणक तिसराच हिशेब करतो. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिपीचिन्हांची प्रमाण यादी) 'पुस्तक' म्हणजे ६ चिन्हे: प, उकार, स, हलन्त, त, क. प्रोग्राम तीच पिसतो आणि बेवारस उकार ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकतो. ग्राफीम क्लस्टर (वाचणाऱ्याला एकच वाटणारे चिन्हांचे गट) पाडले तर मात्रा सुटत नाही, पण युनिकोड १५.१च्या (२०२३) आधीचे नियम पाळणारी लायब्ररी (प्रोग्रामात वापरायचा तयार कोड) 'स्' आणि 'त' वेगळे करते. तिथे हलन्तापुढचे व्यंजन आपणच मागच्या तुकड्याला जोडायचे.

सोडवताना ३ वेगवेगळ्या अक्षरांच्या ६ मांडण्या, ४च्या २४, ५च्या थेट १२०. सगळ्या लिहीत बसू नका. ळ शब्दारंभी येत नाही. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो ('आणि'सारखे अपवाद सोडा), म्हणून ऱ्हस्व इकार-उकाराचे अक्षर शेवटी नको. 'ळा, व, पि' यांच्या ६पैकी ३ मांडण्या एवढ्यानेच बाद होतात आणि 'पिवळा' समोर येतो.

अर्थ बघताना वेलांटी नीट पाहा. 'नदी' उलटली की 'दीन', म्हणजे गरीब, केविलवाणा. दिवस या अर्थाच्या 'दिन'ला दि लागते, ती इथे नाहीच. 'चालतंय की' म्हणून दोन्ही उत्तरे बरोबर धरणाऱ्याने कोडी रचू नयेत. आणि उत्तर मूळ रूपातच ठेवा: शब्दकोशात 'घर' सापडते, 'घरात' नाही.