सफाई सगळ्यात शेवटी
(फ्लॅट भाड्याने देणाऱ्या मालकांसाठी माहितीपत्रक)

महिन्याची २५ तारीख उलटली की आमचा फोन थांबत नाही. "भाडेकरू परवा गेला, १ तारखेला नवीन येतोय, उद्या फ्लॅट साफ करून द्याल का?" देतो की. पण त्याआधी आम्ही उलटं विचारतो : बाकीची कामं झाली का? हे काहींना टाळाटाळ वाटतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

गोरेगावच्या एका वन बीएचकेमध्ये आमच्या दोन मावशी सकाळी ९ पासून संध्याकाळी ६ पर्यंत राबल्या. ओट्यामागच्या टाइल्सवरचा तेलाचा चिकट थर, खिडक्यांच्या ट्रॅकमध्ये घट्ट बसलेली काळी माती, बाथरूमच्या नळांवरचे पांढरे डाग, सगळं निघालं. दुसऱ्या दिवशी एसीवाला आला आणि त्याने पाइपसाठी भिंतीला भोक पाडलं. विटेची लाल भुकटी पंख्याच्या पात्यांवर, कपाटाच्या आतल्या फळ्यांवर, अगदी फ्लशच्या बटणाच्या फटीतसुद्धा. त्यातच प्लंबर ओल्या चपलांनी चार फेऱ्या मारून गेला. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन : "तुम्ही नक्की काय साफ केलंत?" आम्ही निघताना काढलेले फोटो होते म्हणून वाचलो. दुसऱ्यांदा निम्म्या दरात केलं, तरी त्यांचे पैसे गेले आणि आमचा एक दिवस गेला. असं महिन्यातून दोन-तीनदा होतं.

तेव्हा आधी गळती, मग सुतार, इलेक्ट्रिशियन आणि एसीवाला, मग रंग, आणि शेवटी आम्ही. अपवाद एकच, झुरळांचं जेल. ते आमच्यानंतर मारून घ्या. आधी मारलं तर आमचाच फडका ते पुसून काढतो.

गळती पहिली का, ते पावसाळा काढलेल्याला सांगायला नको. भिंतीत ओल असताना लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की दोन-तीन महिन्यांत क्षार बाहेर येतात, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि त्याची पांढरी भुकटी रोज जमिनीवर पडत राहते. नवीन भाडेकरू म्हणतो, घर नीट झाडलेलंच नव्हतं. पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीची, सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. वरच्या बाथरूममधून झिरपत असेल तर तो तुमचा आणि वरच्या मालकांचा विषय. त्यांच्याशी गोडीत बोललेलं बरं, कारण काम त्यांच्या घरात शिरून करायचं असतं.

"ॲसिड टाका ना, पाच मिनिटांत पांढरंशुभ्र होईल," असंही ऐकतो. होईलही. पण संगमरवरावर ॲसिड पडलं की दगडच खाल्ला जातो, चकाकी जाते ती पॉलिशवाला येईपर्यंत परत येत नाही. नळांचं क्रोम काळवंडतं, टाइल्सच्या फटींतलं सिमेंट पोकळ होतं आणि तिथूनच पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावर गळती सुरू होते. आणि कोणी आधी ब्लीच ओतलेलं असेल तर त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये मावशींना आम्ही त्यात उभं करणार नाही. तलावाचं पालिकेचं पाणी तसं मऊ, पण टँकर किंवा बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या इमारतींत नळांवर खरी पुटं चढतात. ती सौम्य द्रावणात भिजवून ठेवूनच निघतात. आमच्या कामाला वेळ लागतो तो असा. आमच्यापेक्षा स्वस्त माणसं मिळतात, हे आम्हालाही ठाऊक आहे.

डिपॉझिट परत करण्याआधी फ्लॅट रिकामा असताना, दिवसाच्या उजेडात एकदा स्वतः फिरून या. बघायचं कशाशी ताडून? करार नोंदवावा लागतोच (भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची), मग त्यालाच पंखे, गीझर, कपाटं, चाव्या यांची यादी जोडा. मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. मात्र अकरा महिन्यांत भिंती थोड्या मळल्या तर ते राहण्याचं लक्षण आहे, नासधूस नव्हे. त्यासाठी डिपॉझिट कापणाऱ्या मालकांकडे पुढचा भाडेकरू ब्रोकरला विचारून-विचारून येतो.

फ्लॅट महिनाभर रिकामा राहणार असेल तर बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे कोरडा करा. डेंग्यूचे डास साध्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतात आणि पालिकेची माणसं तपासणीला येतात. उलट बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी असायलाच हवं. ते सुकलं की गटाराचा वास आणि झुरळं सरळ वर येतात. तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल सोडलं की ते लवकर उडत नाही. हे तुम्ही स्वतः करू शकता. पुण्यात किंवा परदेशात असाल तर दर पंधरवड्याला आमचा माणूस येऊन खिडक्या उघडतो, सगळे नळ सोडून बघतो आणि तुम्हाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. पावसाळ्यात बहुतेक मालक हेच घेतात.

बुकिंग करताना एवढं बघा : विजेचं बिल थकून मीटर कापलेला नसावा, कारण अंधारात आणि व्हॅक्यूमशिवाय आम्ही काही करू शकत नाही. आमच्या माणसांची नावं गेटवर आदल्या दिवशी सांगून ठेवा. रंगाचे डबे, तुटक्या टाइल्स, प्लायचे तुकडे आम्ही नेत नाही आणि सोसायटीच्या कचऱ्यातही चालत नाहीत. कंत्राटदाराचे शेवटचे पैसे देण्याआधी ते त्याच्याकडूनच उचलवून घ्या. आणि चाव्या देताना माळ्याच्या कुलपाची विसरू नका. जुन्या भाडेकरूच्या गाद्या हमखास तिथेच सापडतात.