वाल आणलेत की पावटे?

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी डाळिंब्यांच्या उसळीची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सांगितलंत तसंच सगळं केलं हो, तरी बघा कसं झालंय." दाणे विरघळून रश्शाचं पिठलं झालं होतं आणि वालाची ती हलकी कडवट चव कुठेच नव्हती. मी डबा मागवून कोरडे दाणे पाहिले, तर ते पावटे होते. दुकानातल्या पाटीवर मात्र स्पष्ट 'वाल' लिहिलेलं होतं म्हणे.

दुकानदार खोटं बोलला असं नाही. कडवे वाल, पावटे आणि आपण शेंगेसकट भाजी करतो ती वालपापडी, हे तिन्ही एकाच वनस्पतीचे प्रकार आहेत. तिचं शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरिअस. तिची खूण म्हणजे दाण्याच्या एका कडेवरची उठून दिसणारी पांढरी रेघ, आणि ती वालावरही असते, पावट्यावरही. त्यात गुजराती घरांत वाल म्हटलं की मोठा, पिवळसर पांढरा दाणाच डोळ्यांसमोर येतो. पुण्यात सगळ्या भाषांची माणसं एकाच दुकानातून कडधान्य नेतात, मग गोंधळ होणारच. (डबल बी मात्र यांतलं नाही, ते वेगळ्याच वेलाचं.)

म्हणून पाटी वाचू नका, मूठभर दाणे तळहातावर घ्या. कडवा वाल लहान, फुगीर आणि तांबूस तपकिरी असतो. पावटा त्याहून मोठा, चपटा आणि दुधाळ पांढरा.

माझं माहेर सासवडचं. आमच्याकडे पावटेच शिजायचे, वाल मला लग्नानंतर कळले. सासूबाई पेणच्या. भातकापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी वाल पावट्यासारखे भिजवून सालासकट कुकरला लावले. कडू झाले आणि कोणीच खाल्ले नाहीत. सासूबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून मूठभर वाल सोलायला दिले.

कडूपणा बराचसा सालात असतो, म्हणून वालाची सगळी खटपट साल काढण्यासाठी. दहा-बारा तास भिजवायचे, ते पाणी फेकून द्यायचं आणि वाल ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या आसपास उतरला की दोन दिवस लागतात. तेव्हा मी फडकं कोमट पाण्यात पिळून घेते आणि पुरचुंडी पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये ठेवते. मोड आले की दहा मिनिटं गरम पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबायचा. साल सुटते आणि हातात डाळिंबी येते. जे भिजलेच नाहीत ते गणंग याच वेळी वेचून टाकावेत, नंतर दाताखाली येतात. वेळ लागतो, पण चौघं बसली तर पाव किलो वाल गप्पांत सोलून होतात.

डाळिंब्यांना कुकर नको. हिंग-हळदीच्या फोडणीवर त्या टाकून अलगद हलवायच्या, गरम पाणी घालायचं, झाकणावरही पाणी ठेवायचं आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजू द्यायच्या. दाणा अख्खा राहिला पाहिजे आणि बोटाने दाबला की मोडला पाहिजे. आमसूल आणि गूळ त्यानंतरच. आंबटात दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सहज विरघळत नाही, त्यामुळे आमसूल आधी पडलं तर डाळिंब्या कितीही उकळा, टणकच राहतात. शेवटी गोडा मसाला, ओलं खोबरं, कोथिंबीर.

पावट्याला एवढे लाड लागत नाहीत. साल गोडच असते, म्हणून मोड आणायची आणि सोलायची गरज नाही. रात्रभर भिजवा, पाणी बदला, कुकरला तीन शिट्ट्या करा आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून आमटी करा. बाजरीच्या भाकरीबरोबर हिच्यासारखी आमटी नाही, हे माझं माहेरचं मत. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात सालासकट पावटे शिजायला बराच वेळ जातो, म्हणून कुकर बरा. टँकरचं किंवा बोअरचं क्षारांचं पाणी असेल तर आणखी वेळ लागतो, कारण त्यातलं कॅल्शियम तेच पेक्टिन घट्ट बांधून ठेवतं. अशा वेळी मी भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं गाळलेलं पाणी घेते. तरीही शिजले नाहीत तर पावटे जुने आहेत असं समजावं.

एका गोष्टीत मात्र दोघांनाही सूट नाही. मोड आलेले मूग आपण कच्चे कोशिंबिरीत घालतो, तसे वाल किंवा पावटे घालू नका. या सुक्या दाण्यांत कच्चेपणी सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात, पचनात अडथळा आणणारीही काही असतात. भिजवणं, ते पाणी फेकणं आणि नीट उकळून शिजवणं यांनी ती कमी होतात. पोषणाच्या नादात भिजवलेलं पाणी आमटीत वापरायचा सल्ला हल्ली कुठे कुठे दिला जातो. या दोघांच्या बाबतीत तो ऐकू नका.

वहिनींना मी माझ्याकडचे वाटीभर कडवे वाल दिले आणि त्यांचे उरलेले पावटे ठेवून घेतले. त्यांची पुरचुंडी आत्ता त्यांच्या कॅसरोलमध्ये आहे, उद्या संध्याकाळी सोलायला मी जाणार आहे.